गुडघ्याची साक्ष

मोबाईलवरल्या आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपात मी एकदा सांगितलं, "गुडघा गेला, पाऊलबी टाकता येईना." बोरी गावात बसून करमत न्हवतं, म्हणून थाप मारली. ताडकळसच्या मार्थाबाईनं लगेच लिव्हलं, "आक्का, तुमी चालू लागस्तोर मला चहा हराम!" माझं तोंडबी न पाहिलेल्या बाईनं दोन महिने चहा सोडला.

मग सेलूच्या बॅप्टिस्ट चर्चात समद्या ग्रुपाची भेट ठरली. मी लंगडायला काठी घेतली, पर ती बसमधीच इसरले. फाटकावर "बोरीची आक्का" म्हणून नाव सांगितलं अन् तरातरा आत गेले, तर एक जाडजूड बाई वरडली, "आक्का चालायल्यात! हालेलुया!" मार्थाबाईच ती. रडत माझ्या गळ्यात पडली.

पाळकसाहेबांनी माईक हातात दिला. "आक्का, साक्ष द्या. देवानं गुडघा कसा बरा केला ते समद्यांना सांगा."

समोर क्रूस, बाजूला मार्थाबाई. देवाच्या घरात थाप मारायची कशी? जन्मात पहिल्यांदा मी खरं सांगितलं, "गुडघा कधी दुखलाच न्हाई. मी लबाड बोलले."

"बघा!" मार्थाबाई म्हणली, "देवानं असा बरा केला, की दुखणंबी ध्यानात ऱ्हायलं न्हाई!"

समद्यांनी टाळ्या वाजवल्या. मार्थाबाईनं अर्धी किटली रिकामी केली अन् म्हणली, "आक्का, माझी कंबर लय धरली. आता तुमी चहा सोडा."

तीन महिने झाले, मी चहाबिगर हाय. तिची कंबर खरंच दुखती का, असं इचारायला मला तोंड हाय का?