ग्रहण पाहिलेली काच

मी एक जुनी काळी काच आहे. तळहाताहून लहान, कोपरे झिजलेली, एका कडेला टवका उडालेली. माझ्यात तोंड पाहता येत नाही आणि घराच्या खिडकीलाही मी चालत नाही, कारण माझ्यातून भरदुपारीसुद्धा काळोखच दिसतो. मग हिचा उपयोग तरी काय, असं तुम्ही विचाराल. मित्रांनो, सारी माणसं आयुष्यभर तेच विचारत आली, आणि माझं डोकं फिरतं ते त्यानंच!

माझा जन्म दूरच्या एका भट्टीत झाला. गवतात गुंडाळून मला मुंबईहून सांगलीला आणलं आणि माधवनगर रस्त्यावरच्या भाऊसोंच्या कारखान्यात मी आले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. लोखंडी नांगर, उसाचा चरक, गुळाची काहील, काय मोडेल ते तिथे जोडायला यायचं. वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकली की तिथे एक लहानसा सूर्यच पेटतो. त्याच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायचं नसतं. म्हणून चेहऱ्यापुढे धरायची एक ढाल असते, ढालीला खिडकी असते आणि त्या खिडकीत मला बसवलेलं होतं.

माझा वेल्डर सोपान. हाताचा कसबी, स्वभावानं गरीब. मोठी सांध भरताना तो मला न चुकता समोर धरायचा. मात्र लोखंड जागेवर धरण्यापुरता नुसता एक टाका मारायचा असला की ढाल बाजूला ठेवून मान वळवायचा. "टाक्यापुरती कशाला काच?" असं म्हणायचा. मग घरी गेल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं आणि बायको अंजना बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आतल्या आत चरफडायची. पण काचेला तोंड कुठलं?

अंजनाला तेव्हा दिवस गेले होते. आधीची दोन बाळं दगावलेली, त्यामुळे सोपानची आई बनाबाई डोळ्यांत तेल घालून सुनेला जपायची. अशात सूर्याला ग्रहण लागलं.

त्या दिवशी माझा काय थाट होता म्हणून सांगू! सोपाननं मला ढालीतून काढून घरी नेलं. सगळी आळी अंगणात जमली. पोरंटोरं, म्हातारे, गिरणीतले कामगार, सगळे मला डोळ्याला लावून सूर्य बघत होते. "एका येळी एकानं! आन् काचंबिगर कुणी वर बघायचं न्हाई!" असं सोपान प्रत्येकाला बजावत होता. अरे शहाण्या, हा सूर्य कधीतरी झाकतो म्हणून एवढी काळजी, आणि तू रोज हातानं पेटवतोस त्याचं काय?

बनाबाई सुनेला घेऊन दारं-खिडक्या लावून आत बसली होती. ग्रहण सुटल्यावर ती बाहेर जाऊन अंघोळ करून आत परतली, तर मी कुठे? सुनेच्या उशापाशी, फळीवर. सोपाननं सहज ठेवलं होतं. म्हातारी किंचाळलीच.

"आरं, गिराण पडलंय हिच्यात! सगळ्या आळीनं बघितलंय हिच्यातनं. आन् ही सुनंच्या उशाला?"

"आई, काच हाय गं ती. पुसली की झालं."

"बाळ हुईस्तवर ही तुज्या डोळ्याम्होरं यायची न्हाई. माजी शपत हाय तुला. दोन लेकरं गेली, ती दिसंना व्हय तुला?"

सोपाननं ती शपथ मानली. मला कारखान्यात परत आणून त्यानं भिंतीवरच्या खिळ्याला, कापडात बांधून टांगलं. आणि माझ्या जागी काय बसवलं? साधी खिडकीची काच! चिमणीवर धरून काजळीनं काळी केलेली. बनाबाईनंच सुचवलं होतं, शेजारच्या आळीत काहींनी तसल्याच काचेतून ग्रहण पाहिलं होतं म्हणे. काळी ती काळी, असा त्यांचा हिशेब. माझा काळा रंग भट्टीत अंगात मुरलेला आणि हिचा बोटानं पुसला जाणारा!

शेजारी लोखंड घासायच्या कामाला अर्जुना होता. त्याच्या घरानं छप्पन्न सालीच धर्म बदलला होता. त्याला हे बघवेना.

"सोपान, गिराण म्हंजे काय रं? सावली. सावलीचा कसला इटाळ, गड्या? सावलीचा इटाळ आमच्या बापजाद्यांनी लय सोसलाय. त्यो खोटा हुता, ह्यो बी खोटाच हाय."

सोपान खाली मान घालून म्हणाला, "मला कळतंय रं. पर आईची शपत हाय. लेकराला काय झालं तर?"

अर्जुना तडक भाऊसोंकडे गेला. "मालक, सोपानला नवी काच मागवा."

"नवी कशापाई? भिंतीवर टांगलीय ती फुटलीय का?" भाऊसो म्हणाले.

घ्या! म्हणजे मी धड समोरही नाही आणि मी आहे म्हणून दुसरीही येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं म्हणतात, तसली माझी गत झाली.

मित्रांनो, एक लक्षात ठेवा. उघड्या डोळ्यांना निदान भीती असते, ते मिटतात, मान वळते. खोट्या काचेमागचे डोळे निर्धास्त असतात. सोपान त्या काजळीमागून ठिणगीकडे टक लावून बघत राहिला. उष्णतेनं, घामाच्या बोटांनी काजळी जागोजागी विरत गेली आणि मी हातभर अंतरावर लोंबकळत ते सगळं सोसलं. कापडाच्या आडून ओरडता आलं असतं तर मी शेड डोक्यावर घेतली असती.

एक दिवस त्याचा टाका सांध सोडून भलतीकडेच पडला. त्यानं डोळे चोळले, कांडी पुन्हा टेकवली, पुन्हा चुकली. "अर्जुना, मधीच काळं दिसतंय रं," तो म्हणाला. अर्जुनानं त्याला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध भाजला होता. त्याला औषध नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी अंजना बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत. बाराव्या दिवशी बारसं उरकून बनाबाई आनंदानं कारखान्यात आली. तिनं मला खिळ्यावरून उतरवलं, गोमूत्र शिंपडलं, पदरानं लख्ख पुसलं आणि लेकाच्या हातात ठेवलं.

"घे बाबा. सुटली शपत. आता वापर."

सोपाननं बोटांनी माझ्या कडेचा टवका चाचपला. त्यानं घरात कुणाला काही सांगितलंच नव्हतं.

"आई," तो म्हणाला, "पोरीचं कान दिसत्यात, जावळ दिसतंय. तोंड कुनासारकं हाय गं?"

बनाबाईनं लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि त्याच्या डोळ्यांत पाहिलं. माझा तिच्यावर फार राग होता, पण तो त्या घडीला कुठे गेला कोण जाणे.

आता सोपानच्या जागी अर्जुना वेल्डिंग करतो आणि मी त्याच्या ढालीत आहे. तो टाक्यापुरतीसुद्धा मला सोडत नाही. मित्रांनो, मला हळदकुंकू नको आणि माझा विटाळही नको. मोठ्या कामाला तेवढा मान आणि लहान कामाला बाजूला, असंही नको. ठिणगी पडायच्या आधी मला डोळ्यांपुढे धरा आणि माझ्या जागी दुसरं काही काळं बसवू नका, एवढंच मागते.

सोपान हल्ली त्याच शेडमध्ये हातानं चाचपून लोखंड घासतो. त्याची लेक आता चालती झाली आहे. अंजनाचा हात धरून ती दुपारी भाकरी घेऊन येते आणि ठिणग्या बघायला थबकते. अर्जुना "काच!" म्हणून ओरडतो, तोवर सोपानचा तळवा तिच्या डोळ्यांवर आलेला असतो. तिचं तोंड त्याला अजून धड दिसलेलं नाही, पण तिचे डोळे कुठे आहेत ते त्याच्या हाताला बरोबर ठाऊक आहे.