रेघवालीच्या बोटातली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. जुनी म्हणजे किती, तर माझ्या बरोबरीच्या लाखो जणी आल्या नि गेल्या, मी मात्र अजून ठाण मांडून बसले आहे! माझा पत्ता लिहून घ्या: उजव्या हाताची तर्जनी, बुडाचा सांधा. हा हात आहे बस बांधणाऱ्या कारखान्यातल्या पेंटरताईंचा. त्यांना सगळे रेघवाली म्हणतात, कारण बसच्या अंगावरची लांबच लांब रेघ त्या हाताने ओढतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात! मध्ये ब्रश उचलला की जोड दिसतो, आणि जोड दिसला की सगळी रेघ फुकट.

माझा जन्म हाडातल्या मगजात झाला आणि शिक्षण छातीतल्या थायमस नावाच्या ग्रंथीत. बाप रे, काय कडक शाळा होती ती! परीक्षेत प्रश्न एकच, आपलं कोण आणि परकं कोण. नापास होणाऱ्यांना घरी पाठवत नाहीत, तिथेच संपवतात. मी पास झाले. निदान तपासणाऱ्यांना तसं वाटलं.

मग रक्तातून नुसती भटकंती! सर्दीचे विषाणू आले की आम्ही त्यांना पळता भुई थोडी करायचो. एकदा अशीच तर्जनीपाशी आले, तर सांध्याच्या अस्तरात एक तुकडा दिसला. मी लगेच ओरडले, "चोर! चोर!" आमचं ओरडणं म्हणजे रसायनं सोडणं. ती सुटताच गिळणाऱ्या पेशी धावल्या, जळजळ करणाऱ्या धावल्या, सांध्यात पाणी भरलं, अस्तर टम्म फुगलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण चोर तिथे नव्हताच. तो आपल्याच घराचा तुकडा होता, आणि आम्ही घरच कुरतडत होतो.

बाहेर ताईंचं बोट सकाळी तास-दीड तास वाकेना. त्या नळाच्या कोमट पाण्याखाली हात धरून उभ्या राहायच्या.

"अगं, टाकी रिकामी करणार आहेस का?" नवरा म्हणाला.

"बोटं जागी होतायत. तुझ्यावर गेलीत, हलवल्याशिवाय उठत नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी सांध्याची सूज दाबून पाहिली, रक्त तपासलं आणि सांगितलं, "संधिवात आहे. तुमच्याच पेशी तुमच्या सांध्यावर उठल्यात." औषध सुरू झालं. आमचा आवाज बसत गेला. काही महिन्यांत सूज उतरली, आणि इथेच ताई फसल्या! त्या आपला हात रेघेवरून तपासायच्या. "रेघ सरळ येतेय ना? मग मी बरी आहे," म्हणाल्या आणि कुणाला न विचारता गोळ्या बंद केल्या.

पण मी आठवण ठेवणारी पेशी! मी गेलेच नव्हते. त्याच अस्तरात गपचूप बसून होते. औषधाचा धाक गेला आणि मी पुन्हा बोंब ठोकली. नव्या बसच्या तिसऱ्या खिडकीखाली ताईंची रेघ थरथरली आणि ब्रश हातातून गळला.

फोरमन खाली बघत म्हणाला, "ताई, आता चिकटपट्टीची रेघ लावू. तुम्ही गोदाम सांभाळा."

"तीन महिने द्या, दादा. नाही जमली, तर गोदामाची किल्ली मीच मागून घेईन."

ताई पुन्हा डॉक्टरीणबाईंकडे गेल्या, आणि यावेळी एक्स-रेच्या फोटोत हाडाची कड जराशी खाल्लेली दिसली. ती भरून येणार नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज उतरते, पण त्या पेशी तिथे दबा धरून असतात. औषध कमी करायचं की नाही, ते आपण दोघी मिळून ठरवू. रेघेला विचारायचं नाही!"

ताईंनी मान डोलावली, आणि यावेळी एकही गोळी चुकवली नाही.

आणि आज! आज तीन महिने पूर्ण झाले. अख्खा कारखाना काम सोडून बघत होता. ताईंनी ब्रश टेकवला, श्वास रोखला. पहिली खिडकी, दुसरी, तिसरी... माझा घसा नुसता खवखवत होता! पण औषधाने असा काही दम दिला होता की मी हूं की चूं केलं नाही. चौथी, पाचवी, आणि रेघ थेट मागच्या दिव्यापर्यंत!

फोरमन नाक लावून बसच्या कडेने चालत गेला.

"जोड कुठाय?"

"शोधा की!"

"सापडेना बुवा. पुढची बस आणू?"

"आणा. बोटाला पाच मिनिटं विश्रांती देते, मग आहेच मी."

मित्रांनो, आयुष्यभर मी लढले, पण काहीच न करून कुणाच्या एवढी उपयोगी पडले ती आज पहिल्यांदा! सकाळी कुणाची बोटं तासभर आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. बरं वाटलं म्हणून औषध मनानेच थांबवू देऊ नका. मला काही केल्या विसरता येत नाही, म्हणून लक्षात तुम्हालाच ठेवावं लागेल.