राजाच्या हनुवटीवरची खळी

बाजारात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. जुन्या नाण्यांची पारख करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि दिवसातून एकदा तरी कोणीतरी हे बोलून दाखवावं, अशी काकांची माफक अपेक्षा असे.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला एका गिऱ्हाइकाने त्यांच्यापुढे सीलबंद डबी ठेवली. आत मुकुटवाल्या राजाचं चांदीचं नाणं. ही डबी म्हणजे जाड, पारदर्शक प्लास्टिकची चपटी पेटी. तपासणी कंपनी नाणं पारखते, डबीत कायमचं बंद करते आणि वर दर्जा आणि नंबर लिहिलेलं लेबल लावते. काकांनी डबी दिव्याखाली तिरकी धरली. जोडाची कड दुधाळ होती, लेबलावरची अक्षरं अंमळ जाड. नंबर कंपनीच्या साइटवर सापडला, पण तिथल्या फोटोतलं नाणं दुसरंच होतं. कोणीतरी खऱ्या डबीचा नंबर उचलून या डबीवर छापला होता.

"डबी खोटी आणि आतला राजाही खोटा," काकांनी सांगून टाकलं. गिऱ्हाईक हिरमुसलं. काकांना, खरं सांगायचं तर, जरा बरंच वाटत होतं. मग सहज म्हणून त्यांनी राजाच्या चेहऱ्यावरून भिंग फिरवलं आणि ते एका जागी थांबलं.

हनुवटीवर एक बारीक खड्डा होता. हा खड्डा त्यांनी आधी पाहिला होता.

नाणं कुठेतरी पडतं, आपटतं, त्याला मार लागतो. पण दोन नाण्यांना अगदी त्याच जागी, त्याच मापाचा मार लागत नाही. तसा दिसला, तर दोन्ही एकाच साच्यातून काढलेली नकली नाणी, हे काका नवशिक्यांना पहिल्याच दिवशी शिकवत. आणि दुसरं नाणं होतं ताईचं.

ताई म्हणजे त्यांची सख्खी थोरली बहीण. निवृत्त होताना हाती आलेलं जवळजवळ सगळं तिने दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुर्मिळ नाण्यात घातलं होतं, धाकट्या भावाच्या शब्दावर. त्या दिवशी काका तिच्याकडे जेवायला गेले होते. जेवण अंगावर आलं होतं. त्यांनी फोनवर नंबर टाकला, तो जुळला. फोटो काही उघडेना. भिंग शर्टाच्या खिशातच होतं, पण डबीतल्या नाण्याला भिंग कशाला, असं म्हणून त्यांनी मागच्या बाजूला आपल्या सहीची चिठ्ठी डकवून दिली. "राजालाही माझ्यासारखी खळी आहे बघ," ताई हसून म्हणाली होती. नुसत्या डोळ्यांनी तिला दिसलं होतं. काकांनी तेही हसण्यावारी नेलं.

आज अकरा वाजता ताई ते नाणं लिलावघरात देणार होती. गुडघ्यांनी दावा मांडल्यापासून चार मजले चढणं तिला झेपत नव्हतं. नाण्याच्या पैशांतून घ्यायचं तळमजल्यावरचं घर ठरलं होतं, सामान बांधून तयार होतं. आणि लिलावघराची ख्याती अशी, की खोटा माल आणणाऱ्याला ते थेट पोलिसांच्या हवाली करत.

काकांनी त्या खड्ड्याचा फोटो काढला, गिऱ्हाइकाची डबी परत केली आणि ताईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पाच वेळा. ताईचा फोन नेहमी पर्सच्या तळाशी, रुमालाखाली. काका दुकान तसंच टाकून निघाले. रस्ता पंधरा मिनिटांचा. ताईला चार लोकांसमोर उभं करून प्रश्न विचारताहेत, ती 'माझ्या भावाने पाहिलंय' म्हणतेय, एवढंच डोळ्यांसमोर येत राहिलं. त्यांना भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तशी, सगळ्या अंगभर.

लिलावघरात ताई खुर्चीवर निवांत बसली होती. टेबलापलीकडे तपासनीस, म्हणजे काकांचीच जुनी विद्यार्थिनी, पावतीवर शिक्का मारत होती.

"सर, तुम्ही कशाला धावत आलात? झालंसुद्धा. मागे तुमची सही दिसली, मग मी पुढे काही पाहिलंच नाही."

काकांना आधी हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचीच त्यांना जास्त भीती वाटली. आता फक्त गप्प बसायचं होतं. ताईला घर मिळालं असतं, बाजारात नाव राहिलं असतं, नाणं कोणा अनोळखी माणसाच्या कपाटात गेलं असतं. त्यांच्या सहीपुढे कोणी भिंग लावणार नव्हतं.

"केवढा घामाघूम झालायस. बस आधी," ताई म्हणाली आणि तिने पर्स उचलून शेजारची खुर्ची रिकामी केली.

काका बसले नाहीत. त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं, शेजारी फोनमधला फोटो.

"सहीवर जाऊ नकोस. हनुवटी बघ."

विद्यार्थिनीने पाहिलं. पुन्हा फोटो पाहिला, पुन्हा नाणं. मग तिने मान वर न करता पावती आपल्याकडे ओढून घेतली आणि हात टेबलावरच्या फोनवर ठेवला. नाणं आपण पास केलं होतं, ताईला यातलं काही ठाऊक नाही, जे काय लिहायचं ते आपल्या नावावर लिही, असं काकांनी तिला सांगितलं.

ताईने डबी उचलून मागची चिठ्ठी पाहिली. ती ओरडली असती तर काकांना सोपं गेलं असतं.

"मग त्या दिवशी तू काय पाहिलं होतंस रे?"

"डबी, ताई," काका म्हणाले. "नुसती डबी पाहिली."