पाठमोरे पोपट

"माय, हे पोपट एकमेकांवर रुसलेत का गं?"

मनकर्णाने मांडीवरचं तीन महिन्यांचं लेकरू थोपटता थोपटता सहज विचारलं आणि गोजरबाईच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. महिनाभर ती वाकळीला नाक लावून टाके घालत होती. टाका दिसत होता, वाकळ दिसत नव्हती. आता ती उठली, कंबर धरून मागे सरली आणि ओसरीभर पसरलेल्या वाकळीकडे पाहून तिच्या तोंडचं पाणीच पळालं. पांढऱ्या धोतराच्या कापडावर लाल दोऱ्याचे पोपट, रांगेमागून रांग, जोडीजोडीने. आणि एकूण एक जोडी पाठीला पाठ लावून बसलेली.

"अगं बाई," ती म्हणाली.

घरात पांघरायची वाकळ असती तर तिने हसून सोडून दिलं असतं. पण ही लेकीबरोबर सासरी जायची होती, आणि सासरी आधीच बिनसलेलं. उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीने डोंगरकडा गावाच्या आसपासची माणसं पैनगंगा ओलांडून निजामाच्या हद्दीबाहेर गेली, तेव्हा माहेरी आलेल्या पोटुशा मनकर्णाला आईबापांनी आपल्याबरोबर नेलं. बाळापूरला जावयाला निरोप धाडायला ना वेळ होता ना माणूस. सटवाजी बायकोला न्यायला आला तर दाराला कुलूप. पुढे निजामाचं राज्य गेलं, माणसं घरी परतली, लेकरू झालं, पण जावयाच्या मनातली अढी काही गेली नाही. तो बारशालाही आला नाही. आता कुठे त्याच्या आईचा, अनुसयाबाईचा निरोप आला होता की परवा गाडी घेऊन येतो, सुनेला तयार ठेवा. गाडीबरोबर सटवाजी येणार की नाही, ते काही निरोप्याने सांगितलं नाही. अनुसयाबाई म्हणजे मांजर आडवं गेलं तर गाडी माघारी वळवणारी बाई. तिने पहिल्या लेकराची वाकळ उलगडायची आणि आत राघू-मैना तोंडं फिरवून बसलेली. झालंच मग.

"उसवते," गोजरबाई म्हणाली.

"महिन्याचं काम दोन दिसांत उसवून पुन्हा शिवनार? डोळे ऱ्हातील का तुझे?" मनकर्णा म्हणाली. मग जरा थांबून, आईकडे न बघता, "मोठ्या मायला दाखव ना."

मोठी माय म्हणजे गोजरबाईची थोरली जाऊ, रुख्मिणीबाई. अंगणातल्या मातीच्या भिंतीपलीकडे राहायची. भिंत पुरुषभर उंचीचीही नव्हती, पण वाटणी झाल्यापासून चार वर्षं त्या भिंतीवरून एक शब्द इकडचा तिकडे गेला नव्हता.

आणि भांडण तरी कशाचं? छाप्यांचं. सासूने तरुणपणी एका घिसाड्याकडून पत्र्याचे दोन छापे करून घेतले होते, एक पोपटाचा, एक वेलीचा. पत्र्याला बारीक भोकं पाडलेली. छापा कापडावर ठेवायचा, वरून गेरूची पुरचुंडी थोपटायची, छापा उचलला की कापडावर ठिपक्यांचा पोपट उमटतो. मग त्या ठिपक्यांवरून धावदोरा. पत्रा पालथा करून ठेवला की पोपट दुसऱ्या बाजूला तोंड करतो. अशी जोडी जुळते. वाटणीच्या वेळी रुख्मिणीबाई म्हणाली होती, छापे वेगळे करू नका, कुणाकडे तरी एकत्र राहू द्या. गोजरबाईला वाटलं, ही दोन्ही गिळायला बघते. ती हटून बसली आणि पोपट घेऊन आली. नदी ओलांडताना घरातली भांडीकुंडी मागे राहिली, पण हा पत्रा तिने पाठीला बांधून नेला होता. इतकं करून पोपटाची वाकळ मात्र वाटणीनंतर तिने हीच पहिली शिवायला घेतली, आणि तीही उलटी.

कारण तिला ठाऊकच नव्हतं, आधी कोणती बाजू वर ठेवायची. दोघी मिळून शिवायच्या तेव्हा छापा धरायची रुख्मिणी आणि पुरचुंडी थोपटायची गोजर. बाजू बघायचं काम धरणारीचं. थोपटणारीने कधी विचारलं नाही, कशाला विचारेल.

जावेच्या दारात पाऊल टाकण्यापेक्षा जीव गेलेला बरा, असं गोजरबाई चार वर्षं म्हणत आली होती. जीव काही गेला नाही. उन्हं कलायच्या आत ती वाकळ डोक्यावर आणि छापा काखेत घेऊन, नाक मुठीत धरून, गल्लीने वळसा घालून त्या दारात उभी राहिली.

रुख्मिणीबाई सुपात ज्वारी पाखडत होती.

"कोन हाय ते?" तिने विचारलं. दिसत होतं तिला चांगलं.

"मी हाय, अक्का."

"मी नावाचं कुनी चार वर्सांत इकडं आलं न्हाई."

"आता आलं ना," गोजरबाई म्हणाली. "पोरीच्या वाकळीचं वाटोळं झालं, अक्का. परवा अनुसयाबाई येऊन राहिली. बघा तरी."

रुख्मिणीबाईने सूप खाली ठेवलं. वाकळ अंगणात पसरली. मग गोजरबाईच्या काखेतला छापा मागून घेतला, एका कोपऱ्याच्या भोकात बांधलेली काळ्या दोऱ्याची गाठ चाचपली.

"ही गाठ पहिल्या खेपेला वर पायजे. सासूबाईनं दोन्ही छाप्यांना त्याच्यासाठीच बांधली. तू खाली ठेवली व्हती."

"मला काय ठाऊक?"

"पोपट न्यायला भांडली, अन् गाठ ठाऊक न्हाई," रुख्मिणीबाई म्हणाली. हे तिने चार वर्षं राखून ठेवल्यासारखं बोलून घेतलं आणि मग तिचं तोंड जरा सैल झालं. ती वाकळीच्या पायथ्याशी जाऊन उकिडवी बसली. "तू जोडी कोनती धरून राहिली?"

"ही. पाठीला पाठ."

"अन् ह्याची चोच कुनाकडं हाय?"

"त्या... पल्याडच्या जोडीतल्याकडं."

"त्याची?"

"ह्याच्याकडं."

"मंग रुसलं कोन? तू पाठी बघून राहिली, बाई. चोची बघ."

गोजरबाईने बघितलं. खरंच की. महिनाभर जिला ती एक जोडी समजत होती ती जोडी नव्हतीच. प्रत्येक पोपट शेजारच्याच्या चोचीला चोच लावून बसला होता. आख्खी वाकळ बोलत होती. बापुडवाणे होते ते फक्त दोन्ही कडांचे. ते वाकळीबाहेर रिकाम्यात बघत होते.

"कडंच्यांना सोबती पायजे," रुख्मिणीबाई म्हणाली. "काठ लावला न्हाई ना अजून? मंग दोन्ही अंगाला एकेक पट्टी जोड."

"कापड कुठंय, अक्का? धोतरं सरली."

रुख्मिणीबाई उठून आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सासूचं हिरवं लुगडं होतं, घडीही न मोडलेलं.

"हे तुमी ठेवलं व्हतं," गोजरबाई चाचरली. "तुमच्या..."

"माझ्या अखेरीला. आता अखेर काय कापड बघून येते का? धर तिकडून." आणि तिने स्वतःच्या हाताने ते फाडलं.

हिरव्यावर गेरू दिसेना, म्हणून पुरचुंडीत चुना भरला. रुख्मिणीबाईने गाठ बघून छापा टेकवला.

"थोपट."

गोजरबाईने थोपटलं. छापा उचलला, पांढऱ्या ठिपक्यांचा पोपट आतल्या बाजूला तोंड करून बसला. असे आणखी दोन-चार उमटले असतील नसतील, तोच टपकन एक थेंब कापडावर पडला.

"लई आठवन येत व्हती, अक्का."

"मला काय कमी येत व्हती? रडू नको, चुना कालवशील," रुख्मिणीबाई म्हणाली आणि तिनेही पदराने नाक पुसलं.

दोन दिवस दोन्ही घरी चूल एकट्या मनकर्णाने पेटवली. शेवटचा कोपरा शिवायचा राहिला तेव्हा रुख्मिणीबाईने भाकरीचा चतकोर तुकडा आत सारला. उपाशी वाकळ ऊब देत नाही, असं सासूबाई म्हणत. मग गोजरबाईने दोरा ओढून कोपरा बंद केला.

गाडी आली. बैलांच्या कासऱ्याला सटवाजी स्वतः होता, पण तो खाली उतरला नाही. मान खाली घालून बसून राहिला. अनुसयाबाईने चहापाणी झाल्याबरोबर वाकळ उलगडली, आणि इकडून तिकडे नजर फिरवली.

"शिवली तर गुनाची हाय," अनुसयाबाई म्हणाली. "पन हे कडंचे हिरव्यावर काहून?"

रुख्मिणीबाई पुढे झाली.

"ते उशिरा आले, बाई. पन आले. जागा ठेवलीच व्हती त्यांची."

अनुसयाबाईने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गाडीवरच्या लेकाकडे. "ऐकलं का रे?" ती म्हणाली.

सटवाजी खाली उतरला. त्याने वाकळ घेतली, नीट दुमडली आणि मनकर्णापुढे दोन्ही हात केले. तिने लेकरू दिलं. त्याने ते वाकळीत गुंडाळलं, अवघडत, पहिल्यांदाच, आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. हिरव्या पट्टीचा एक पोपट लेकराच्या हनुवटीखाली आला होता.

गाडी कळमनुरीच्या रस्त्याला लागून दिसेनाशी झाली तशी गोजरबाई घरात आली. छापा पुसला. खुंटीला अडकवायला हात वर केला, आणि परत खाली घेतला. ती अंगणात गेली, भिंतीच्या माथ्यावर जिथे पावसाने माती झिजून खोलगट झालं होतं तिथे तिने तो ठेवला. दोन्हीकडून हात पोचेल असा.

सकाळी सडा टाकायला बाहेर आली, तेव्हा पोपटाच्या बाजूला वेल येऊन बसली होती. दोन्ही पत्र्यांच्या गाठी वर होत्या.