शेवट तोंडी मिळेल

'सातव्या वेशीपलीकडे' हा सिनेमा मी लातुरात तीनदा पाहिला. पहिल्यांदा पाहून आले तेव्हा तो काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, दुसऱ्यांदा स्वतःचीच लाज वाटली आणि तिसऱ्यांदा माझं निम्मं लक्ष पडद्याकडं नव्हतंच. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते. ते खरं आहे, पण तेव्हा राग यायला कारणही तसंच होतं.

साल २००१. मी बारावीला होते. किल्लारीहून लातूरला शिकायला आलेली. दिवसाला तीन क्लास, दर रविवारी टेस्ट, आणि मेडिकलला नंबर लागला नाही तर जगबुडी होणार अशी आमची सगळ्यांची समजूत. त्यात बातमी आली की आमच्या पुस्तकावर सिनेमा निघालाय.

'आमचं' पुस्तक म्हणजे नांदेडच्या कुणा रेल्वे कारकुनानं लिहिलेली जुनी कादंबरी. ती एकदाच छापली गेली. लातुरात तिची एकच प्रत होती, जहांगीरचाचांच्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या दुकानात. गोष्ट अशी की एका गावाला सहा वेशी असतात आणि सातवी कुणाला दिसत नाही. एक राक्षसी पाखरू येऊन गावातल्या माणसांचे आवाज चोरून नेतं. चित्रा नावाच्या मुलीची आई ते परत आणायला सातव्या वेशीतून जाते आणि चित्रा वेशीत वाट बघत बसते. इथं पान दोनशे बारा संपतं. पुढची पानंच नव्हती.

चाचांकडं अशी पुष्कळ पुस्तकं होती. पानं गळाली म्हणून चाचा पुस्तक टाकत नसत. त्याला खाकी कव्हर घालून वर लाल शाईनं लिहीत, 'शेवट तोंडी मिळेल'. पुस्तक परत करायला गेलं की ते तुम्हाला स्टुलावर बसवायचे, चहा मागवायचे, घरचं कसं चाललंय, कोण आजारी आहे, कोण परगावी आहे, अशी विचारपूस करायचे आणि मग राहिलेली गोष्ट सांगायचे. चाचांना सगळी पुस्तकं तोंडपाठ आहेत असं अख्खं लातूर धरून चाललं होतं.

मला मात्र माझा शेवट पत्र्याच्या शेडमध्ये मिळाला. भूकंप झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. माळवद कोसळलं आणि तुळई आईच्या पायावर पडली. तिला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं. बाबा आठवड्यातून दोनदा तिकडं जायचे आणि आल्यावर मला काही धड सांगायचे नाहीत. चाचा दर रविवारी लातूरहून जीपमध्ये पुस्तकांचं पोतं टाकून शेडमधल्या पोरांसाठी यायचे. त्यातलं हे पुस्तक मी एका दिवसात वाचलं आणि त्यांना विचारलं, चित्राची आई येते का. चाचा जरा घुटमळले. म्हणाले, आठवून सांगतो, पुढच्या रविवारी. आणि पुढच्या रविवारी सांगितलं, "येती. पण पाय वढत येती, म्हणून उशीर लागतो."

डिसेंबरात माझी आई घरी आली, काखेत कुबडी घेऊन, पाय ओढत. त्या दिवसापासून त्या पुस्तकाविरुद्ध कुणी शब्द काढलेला मला खपत नाही.

आता सांगा, मी सिनेमाकडून काय आशा धरून गेले असेन? केमिस्ट्रीला दांडी मारून मी आणि माझी रूममेट उमैमा बाराच्या खेळाला गेलो. पाखरू रबराचं होतं, पंख फडफडले की पोटाखालची दोरी दिसायची. वेशी प्लायवूडच्या, वाऱ्यानं हलायच्या. चित्रा उगीचच झऱ्याकाठी गाणं म्हणत होती. तेही मी सोसलं असतं. पण शेवटी गावाचे आवाज परत येतात आणि आई येत नाही. चित्रा घरी जाऊन चूल पेटवते आणि सिनेमा संपतो. मी खुर्चीवरून उठून मोठ्यांदा म्हणाले की हे साफ खोटं आहे, पुस्तकात आई येते.

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "येत न्हाई. पण रोज संध्याकाळी तिचा आवाज ऐकू येतो."

मी वळून बघितलं तर आमचे गणिताचे रेवणसिद्ध सर. परीक्षेपर्यंत श्वास घ्यायलाही फुरसत नाही असं आदल्याच दिवशी त्यांनी वर्गात बजावलं होतं. तू इथं कशी, हे त्यांनी मला विचारलं नाही आणि तुम्ही इथं कसे, हे मी त्यांना विचारलं नाही. आम्ही सरळ भांडायला लागलो. थेटराच्या पायऱ्यांवर पानवाले गुरुबसप्पा येऊन मिळाले. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चित्राच आईकडं जाते आणि दोघी तिकडं सुखानं राहतात. आणखी दोघा-तिघांनी तोंड घातलं. दहा मिनिटांत पाच शेवट निघाले, आणि पाचही जणांनी एकच प्रत वाचली होती. मग सगळ्यांना एकच शंका आली आणि वरात चाचांच्या दुकानाकडं निघाली.

चाचांनी आढेवेढे घेतले नाहीत. चष्मा काढून गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाले, "शेवटची पानं म्या कधी बघितलीच न्हाईत. रद्दीतून आलं तवाच तेवढं होतं."

सरांचा तोल गेला. उत्तर मनानं लिहायचं आणि छापील म्हणून खपवायचं, याला लबाडी म्हणतात, असं ते चारचौघांत बोलले. आठवीत असताना त्या स्टुलावर बसून ऐकलेली गोष्ट त्यांनी आजवर खरी मानली होती. लोकांनी आपापली मेंबरशिपची कार्डं काढून टेबलावर ठेवली. मीही ठेवलं. वर सगळ्यात जहरी वाक्य माझंच होतं. पोरीची कीव आली म्हणून तुम्ही खोटं सांगितलंत, असं मी म्हणाले. सरांना चाचा निदान हात जोडून काहीतरी सांगत होते, माझं ऐकून ते नुसते कार्डं गोळा करायला लागले.

त्यानंतर दुकानात चिटपाखरू फिरकेना. उमैमाला सिनेमा बेहद्द आवडला होता, तिनं पुस्तक वाचलंच नव्हतं ना. तिनंच एक दिवस सांगितलं की चाचा महिनाअखेरीला दुकान मोडून लेकीकडं नांदेडला जाणार आहेत. जाऊ देत, असं मी म्हणाले, आणि त्या दिवशी माझी चार गणितं चुकली.

दिवाळी आली. क्लासला दिवाळी नसते, म्हणून आईच धपाटे आणि चकल्या घेऊन लातूरला आली. आल्या आल्या म्हणाली, तुझं ते पुस्तकाचं पिच्चर बघू. मी नाक मुरडत नेलं. आता दोरी बघ, आता वेस हलेल बघ, असं माझं सुरू होतं. आईनं मला एकदाच सांगितलं की तोंड मिट. ती पाखराला खदखदून हसली, गाण्याला तिनं मान डोलावली. शेवटी चित्रा चुलीपुढं बसली, तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ती फळीवरून दोन ताटल्या काढते आणि मग एक परत ठेवून देते. एवढी मोठी गोष्ट मागच्या वेळी मला दिसलीच नव्हती, कारण मी तेव्हा रागावण्यात गुंतले होते. आई पदरानं डोळे पुसत म्हणाली की बरोबर दाखवलंय, सगळ्यांच्या आया कुठं येतात, आपल्याच शेडमध्ये किती लेकरं होती तशी.

मी पायऱ्यांवर पुन्हा भडकले. मग चाचांनी मला थाप का मारली, असं म्हणाले. आईनं माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघितलं.

"थाप? जहांगीरभाई आले होते की सोलापूरला. एस्टीनं. मला वळखत बी नव्हते. खाटंपाशी उभं राहून म्हणले, ताई, तुमची पोरगी इचारून राहिली, आई येती का. म्या काय सांगू?"

त्या आठवड्यात पाय ठेवायचा की काढायचा हेही डॉक्टरांचं ठरलं नव्हतं. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस.

"म्हणलं, येती म्हणून सांगा. पाय वढत का व्हईना, येती. तुमी सांगितल्यावर मला यावंच लागंल."

मी तिथंच पायरीवर बसले. मला स्वतःची लाज वाटली. एका पोरीला गोष्टीचा शेवट सांगण्यासाठी हा माणूस शंभर किलोमीटर गेला होता, आणि मी त्याच्या तोंडावर कार्ड टाकून आले होते.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, आईला घेऊन दुकानात गेले. चाचा पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं बांधत होते. माफी मागणं मला जमत नाही, तरी मागितली. चाचा म्हणाले, जाऊ दे पोरी, सर खोटं बोलले न्हाईत. सिनेमाला चला म्हटलं तर मान हलवायला लागले. खूप आग्रह केल्यावर कारण बाहेर आलं. एकदा बघितलं की शेवट ठरून जाईल, मग दुसरं काही सांगायला जीभ उचलणार नाही, असं ते म्हणाले. आई म्हणाली, सोलापूरला मी तुमचं ऐकलं, आता तुम्ही माझं ऐका. मग त्यांनी मुकाट्यानं टोपी घातली.

मी सिनेमा कमी आणि चाचांना जास्त बघितलं. रबरी पाखराला ते पोरासारखे टाळ्या वाजवत होते. दोरी त्यांना दिसली नाही, की दिसूनही त्यांनी मनावर घेतली नाही, कोण जाणे. माझ्याही लक्षात आलं की पाखराचे डोळे बरे केलेत, आणि झऱ्याकाठचं गाणं आधी चित्राच्या आईनं म्हटलेलं आहे, म्हणून चित्रा म्हणते. शेवट जवळ आला तसे ते खुर्चीच्या कडेवर सरकले. दिवे लागले तरी पडद्याकडंच बघत राहिले.

"इतक्या जनांला सांगितलं येती म्हणून," ते म्हणाले, "मला बी वाटाय लागलं व्हतं, येईल."

मग म्हणाले की सिनेमावाल्यांकडं अख्खी प्रत असणार, त्या कारकुनानं बरोबर लिहिलंय, दोन ताटल्यांचं मला जन्मात सुचलं नसतं. आता खरा शेवट गावाला कळला, माझं काम संपलं. हे ते रडत म्हणत नव्हते, समाधानानं म्हणत होते, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना.

बाहेर पायऱ्यांवर गर्दी थबकली होती. मधोमध रेवणसिद्ध सरांची पाच वर्षांची सिंधु बसकण मारून हुंदके देत होती. चित्राची आई आल्याशिवाय घरी जायचं नाही, असा तिचा हट्ट होता. सर तिला फुगा, कुल्फी, काय काय कबूल करून थकले होते. एवढ्यात त्यांना चाचा दिसले. सरांची मान खाली गेली. मग ते चाचांपाशी आले आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "चाचा, हिला तुमचा सांगा."

चाचांनी एकदा थेटराच्या दाराकडं बघितलं. खरा शेवट त्यांनी नुकताच पाहिला होता. मग गुडघ्यावर हात टेकून ते सिंधुशेजारी पायरीवर बसले.

"तुझी आई कुठं हाय गं?"

"नांदेडला. हापिसात."

"घरी कवा येती?"

"शनिवारी."

सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. आठवीत असताना त्यांनाही चाचांनी असंच काहीतरी विचारलं असणार.

चाचा म्हणाले, "मग चित्राची आई बी शनिवारीच येती."

सिंधुनं बोटांवर दिवस मोजले, चार निघाले, आणि ती आपण होऊन पायऱ्या उतरायला लागली.