न बांधलेला पूल

"पूल? इथं पूल कधी होता?" शेळ्या राखणारी बाई म्हणाली, आणि मी सायकल काठावर तशीच आडवी केली.

पाणी कमरेच्या वर, ओढही जबर. पलीकडे रस्ता दिसत होता, अगदी नकाशात होता तिथंच. मधला पूल तेवढा नव्हता. नकाशा काढणाऱ्याला मी मनसोक्त शिव्या घातल्या. मग कोपऱ्यातली सही पाहिली. माझीच होती.

एकतीस वर्षं मी नकाशांच्या कचेरीत रेघा ओढल्या. बांधलेला पूल भरीव रेघेनं, व्हायचा असलेला तुटक रेघेनं, हे तिथं शिपायालाही ठाऊक. हा व्हायचा होता. साहेबांना नकाशा संध्याकाळपर्यंत हवा होता. मंजुरी मिळालीये म्हणजे होईलच की, असं म्हणून मी भरीव ओढली. तुटक रेघेला वेळ लागतो हो. एवढंच कारण.

साडेसातशे किलोमीटरची ही शर्यत. फोन मोहोरबंद पाकिटात, वाट शोधायची ती आयोजकांनी दिलेल्या जुन्या नकाशावर आणि होकायंत्रावर. आपलं सामान आपण वाहायचं, मदत घ्यायची नाही आणि द्यायचीही नाही; दुसऱ्याला वाट सांगणारा तिथल्या तिथं बाद. दोनदा मी अर्ध्यातून परतलो होतो. गुडघ्याचा पट्टा आवळताना बायकोनं यंदा बजावलं होतं, की हे शेवटचं. आणि यंदा मी वेळेत होतो. मागं फाट्यापर्यंत जाऊन वरच्या पुलानं निघालो, तर मुदतीत, म्हणजे अंधारापूर्वी, शेवटाला पोचत होतो, जेमतेम का होईना.

दमदार मंडळी डोंगरावरून गेली होती. खालच्या वाटेनं आम्ही सहाच, आणि पाच जण अजून माझ्या मागं होते. फाट्यावर आलो तेव्हा न थांबता जायचं मी ठरवलं होतं, खोटं कशाला सांगू? थोडा पुढं गेलोही. पण ही माणसं नदीवर जाऊन परत येईपर्यंत त्यांची शर्यत संपणार होती. एखादा इरेला पेटून पाण्यात उतरला तर? मला स्वतःची लाज वाटली. मी मागं फिरलो.

पहिली नर्सबाई आली. या शर्यतीसाठी वर्षभर रजा साठवली होती तिनं. मी हात वर केलेला पाहून कळवळून म्हणाली, "काका, काही सांगू नका. बाद व्हाल."

"झालो समज. नदीवर पूल नाही. डावीकडून वर जा."

"तुम्हाला काय पडलंय एवढं?"

"नकाशा माझ्या हातचा आहे, बाई."

ती मग डावीकडे वळली. पाठोपाठ तिघं आले, तेही ऐकून वळले. त्यातल्या एकानं जाताना माझ्याकडे पाहिलं नाही, आणि त्याचं काही चुकलं नाही.

शेवटी एक मास्तर आले, त्यांनाही मी तेच सांगितलं. शर्यतीतून बाद झालेला माणूस आता इतरांना चकवतोय, असंच त्यांना वाटलं असावं. त्यांनी नकाशा उघडला आणि पुलावर बोट ठेवलं.

"हे सरकारी आहे, काका. चुकेल कसं?"

मी सही दाखवायला गेलो, तोवर ते नदीच्या वाटेला लागलेही होते. मी सायकलवर बसलो आणि हाका मारत त्यांच्या मागं निघालो.