जाफरभाईंचे गेट, मुक्काम शेजारी

मी एक जुना लोखंडी दरवाजा आहे. घराचा नव्हे, कंपाउंडचा. लोक मला गेट म्हणतात. माझा जन्म ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका वेल्डिंगच्या दुकानात, न्हावा शेव्याला मोडीत निघालेल्या कंटेनरच्या पट्ट्यांतून झाला. म्हणजे मित्रांनो, जन्माआधीच मी जग फिरून आलो होतो. त्यानंतर मात्र कोपरखैरण्याच्या एका रो-हाउसपुढे जो उभा राहिलो, तो फक्त पाव वर्तुळात फिरलो.

घर जाफरभाईंचे. बंदरातल्या मालाची कागदपत्रे करणाऱ्या कचेरीत ते नोकरीला होते. मला बसवले त्या दिवशी त्यांनी साऱ्या गल्लीला बोलावून दाखवले. पुढे खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने मला गंज चढला आणि कौतुक आटले. मी कुरकुरू लागलो. तेल कोणी घातले नाही. "बरंय, कोण आलं ते कळतं," असे म्हणून त्यांनी माझे दुखणेही कामाला लावले.

शहाण्णव साली त्यांच्या पत्नीचे, रशिदाभाभींचे, गुडघे गेले. निजायची खोली वर, स्वयंपाकघर खाली.

"अहो, पलंग खाली हॉलमध्ये आणा ना," त्या म्हणाल्या.

"हॉलमध्ये पलंग? येणारा-जाणारा काय म्हणेल?"

येणाऱ्या-जाणाऱ्यांची मोजदाद माझ्याकडे होती. महिन्याला दोन, त्यातला एक गॅसवाला. पण मला कोण विचारतो?

शेवटी ठरले, घर विकायचे आणि पनवेलला मुलीच्या, सुमय्याच्या, बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा. फ्लॅटवाला महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

एका रविवारी घरचे लग्नाला गेलेले असताना मुंबईहून सुधीर आणि नंदिनी घर बघायला आले. कुलूप होते, त्यामुळे बाहेरूनच पाहिले. त्यांची छोटी जाई माझ्या खालच्या पट्टीवर चढून झोके घेऊ लागली. मी जिवाच्या आकांताने कुरकुरलो. तिला तेच आवडले. उतरेचना.

संध्याकाळी एजंटाचा फोन आला, की पार्टीला घर बाहेरून पसंत आहे, पुढच्या रविवारी अकराला आतून बघतील.

"बाहेरून पसंत आहे ना," जाफरभाई म्हणाले, "मग बाहेरून एकदम फर्स्ट क्लास करून टाकू."

जे पसंत पडले आहे तेच बदलायचे, हे शहाणपण लोखंडाच्या डोक्यात शिरत नाही. भिंती पिस्ता रंगाच्या झाल्या. कुंड्या लाल झाल्या. नळाच्या पाइपालाही चंदेरी रंग लागला.

"सगळ्यांना एकेक हात मारताय," रशिदाभाभी पायरीवरून म्हणाल्या, "एक माझ्या गुडघ्यांनाही मारा."

शनिवारी नवे गेट आले. त्यावर पत्र्याचे दोन मोर. मला उपटून गटाराकडेला टाकले. तेवढ्यात शेजारच्या गोजराबाई आल्या. त्या मूळच्या तळवलीच्या, इथे एकट्या राहायच्या.

"जाफरभाय, फेकताव कशाला? मना द्या. माझी झाडा बकऱ्या खातान."

"न्या, न्या. सुटलो एकदाचा."

सहा वर्षांची चाकरी, आणि निरोपाला 'सुटलो'. दिवेलागणीपर्यंत मी गोजराबाईंच्या खांबांना तारेने बांधला गेलो होतो.

आता एक लक्षात घ्या. आमच्या गल्लीतली घरे एकाच साच्यातली. नवी माणसे घर ओळखतात ती खुणेवरून.

रविवारी पाहुणे उत्साहाने दहालाच आले, एजंटाच्या आधी. जाई पुढे धावली आणि थेट माझ्यावर चढली. मी कुरकुरलो. तिला सांगत होतो, की बाई, हे घर नव्हे. ती खुदकन हसली. आईबाप तिच्या मागून आत निघाले.

जाफरभाई इस्त्रीचा शर्ट घालून मोरांजवळ उभेच होते. त्यांना वाटले, गोजराबाईंचे पाहुणे. त्यांनी सुधीरला हाक मारली, "साहेब, गाडी जरा पुढे घ्या. आमच्याकडे गिऱ्हाईक येणार आहे."

सुधीरने निमूटपणे गाडी पुढे घेतली.

आत गोजराबाईंनी चहा टाकला. घर विकायचे आहे ना, असे नंदिनीने विचारले.

"इकायचा हाय की," गोजराबाई म्हणाल्या. "तळवलीला पोराकडं जायाचा हाय. मना आजवर कोनी इचारलाच नाय."

एजंट अकराला पोचला तेव्हा शब्द देऊन झाला होता. त्याने कपाळाला हात लावून चूक सांगितली. नंदिनीने मधल्या भिंतीवरून पलीकडचा पिस्ता रंग, लाल कुंड्या, मोर असे एकेक पाहिले.

"ते नको," ती म्हणाली. "तिथे चप्पल काढायचीसुद्धा भीती वाटेल."

महिना संपला. पनवेलचा फ्लॅट गेला. त्या रात्री रशिदाभाभी एकेक पायरी बसत बसत वर गेल्या. जाफरभाई खाली उभे राहून बघत होते. सकाळी त्यांनी दोन हमाल बोलावले आणि पलंग खाली आणला, हॉलमध्ये.

येणारा-जाणारा काही म्हणाला नाही. गॅसवाला फक्त म्हणाला, "भाभी, आता बरं पडत असेल."

मित्रांनो, घराला जरूर रंग द्या. पण त्याआधी आतून कुरकुर कुठून येते आहे ते ऐका. आणि दाराच्या बिजागरीत चार थेंब तेल घाला.

मला मात्र नको. जाई झोके घेते आहे.